लांबलेली ओहोटी : ग्रेट सॉल्ट लेकवरच्या होड्या

आपल्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी होड्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात आणि त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. काही तासांत पाणी परत येणार, होडी पुन्हा सरळ होणार, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात मात्र एक असं पाणी आहे, जिथं ओहोटी लागली की ती वर्षानुवर्षं चालते, आणि भरती कधी येईल हे सांगणारं पंचांग कुणाकडे नाही. ते पाणी म्हणजे ग्रेट सॉल्ट लेक. तिथं उन्हाळ्यात होडी घालायची की नाही हे हवेपेक्षाही एका आकड्यावर ठरतं. हा आकडा नेमका काय सांगतो आणि तो खाली का येतो, ते बघू.

हे सरोवर समुद्राशी कुठेच जोडलेलं नाही. बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन मुख्य नद्या डोंगरातल्या बर्फाचं पाणी घेऊन त्यात येतात, आणि पाण्याला बाहेर जायला वाट एकच : वर, आकाशात. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. मिठागरात जे आपण मुद्दाम बांध घालून करतो, ते इथं हजारो वर्षं आपोआप चाललंय. समुद्रात मीठ साधारण साडेतीन टक्के असतं. या सरोवराच्या दक्षिण भागात ते त्याच्या तिप्पट-चौपट आणि उत्तर भागात सात-आठ पट असतं.

आता तो आकडा. बातम्यांत ‘सरोवराची पातळी ४,१९२ फूट’ असं वाचलं की पहिल्यांदा दचकायला होतं. ती खोली नव्हे; पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे, ते माप आहे. सरासरी पातळी धरतात सुमारे ४,२०० फूट, आणि तेवढं पाणी असतानाही सगळ्यात खोल जागी जेमतेम ३३ फूट पाणी असतं. पसारा मात्र सुमारे १,७०० चौरस मैलांचा. म्हणजे हे सरोवर टोपासारखं नाही, परातीसारखं आहे. टोपातलं पाणी बोटभर कमी झालं तर कडेला काही फरक पडत नाही. परातीतलं बोटभर कमी झालं की पाणी काठापासून वीतभर आत सरकतं. इथं तेच मोठ्या प्रमाणावर होतं. पातळी एक फूट उतरली तर काही ठिकाणी किनारा कितीतरी लांब जातो, आणि कालपर्यंत पाण्यात असलेला धक्का पांढऱ्या, भेगाळलेल्या चिखलावर उभा राहतो.

दरवर्षी पातळी थोडी वरखाली होतच असते. वसंतात बर्फ वितळतं, मे-जूनमध्ये पाणी सगळ्यात वर असतं. मग उन्हाळा सुरू होतो, बाष्पीभवन वाढतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाणी साधारण दोन फूट उतरतं. म्हणजे गंमत बघा, होडीचा मोसम आणि पाणी आटायचा मोसम एकच! जूनमध्ये सहज आत-बाहेर करणारी होडी सप्टेंबरात धक्क्याच्या तोंडाशीच तळाला घासू शकते. शिडाच्या होडीला हा त्रास जास्त, कारण ती उलटू नये म्हणून तिच्या पोटाखाली कील नावाचं जड पातं असतं आणि त्याला काही फूट खोल पाणी लागतं. कयाकवाल्याचं वीतभर पाण्यातही भागतं. त्यामुळे पाणी उतरू लागलं की सरोवरावर आधी शिडं कमी होतात आणि वल्ही राहतात.

या पाण्यावर होडी हाकणं म्हणजे समुद्रावरचाच अनुभव, असं समजू नये. खारं पाणी जड असतं. त्यात माणूस बुचासारखा तरंगतो आणि होडीही जरा वर उचलून धरली जाते, इथवर मजाच. पण वारा सुटला की तीच जड लाट होडीवर आदळते तेव्हा गोड्या पाण्याच्या तेवढ्याच लाटेपेक्षा जोरात बसते. सरोवर उथळ असल्यानं लाटा उठतातही लवकर, आखूड आणि उभ्या. उन्हाळ्याच्या दुपारी ढग जमून अचानक वादळी वारा येतो. दक्षिणेच्या टुविला खोऱ्यातून येणाऱ्या अशा वाऱ्याला तिथले लोक ‘टुविला ट्विस्टर’ म्हणतात. पाणी डोळ्यांत गेलं तर काही वेळ काही सुचत नाही. आणि घरी जायच्या आधी इंजिन, दोर, कप्प्या, सगळं गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर मीठ इंजिनच्या आतल्या नळ्यांत धरतं. गळ टाकून बसायची सोयही नाही. एवढ्या खाऱ्यात मासा जगत नाही. जगतात त्या चिमुकल्या ब्राइन श्रिंप आणि काठावर काळ्या ढगासारख्या उठणाऱ्या माश्या. या माश्या चावत नाहीत म्हणे. तरी घोळक्यातून चालायची हौस कुणाला असेल, असं मला वाटत नाही.

इतकं असूनही लोक तिथं शिडं उभारतात. १९व्या शतकापासून तिथं यॉट क्लब आहे. म्हणूनच २०२१-२२मध्ये जे झालं ते त्यांना लागलं. जुलै २०२१मध्ये पातळीनं १९६३चा नीचांक मोडला, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये ती ४,१८८.५ फुटांवर गेली. मोजमाप सुरू झाल्यापासूनची ही सगळ्यात खालची पातळी. दक्षिण किनाऱ्यावरच्या मरीनातून शिडाच्या होड्या क्रेननं उचलून बाहेर काढाव्या लागल्या, कारण कील चिखलात रुतायला लागल्या होत्या. अँटिलोप बेटावरचा छोटा धक्का तर पार कोरडा पडला, आणि ते ‘बेट’ चालत जाण्याजोगं झालं.

हे पहिल्यांदाच घडलं असं नाही. १८९३मध्ये दक्षिण काठावर पाण्यात खांब रोवून सॉल्टएअर नावाचा घुमटांचा राजवाडाच उभारला होता; सॉल्ट लेक सिटीहून लोक आगगाडीनं पोहायला आणि नाचायला यायचे. १९२५मध्ये तो जळाला, पुन्हा बांधला, आणि १९३०च्या दशकात पाणीच त्याला सोडून गेलं. पोहणाऱ्यांना पाण्यापर्यंत नेण्यासाठी छोटी रेल्वे घालायची वेळ आली. उलट १९८०च्या दशकात इतका बर्फ आणि पाऊस झाला की काही वर्षांत पातळी सुमारे बारा फूट चढली. महामार्ग आणि रेल्वेमार्ग बुडायला लागले. शेवटी राज्यानं सहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून पश्चिमेच्या वाळवंटात पाणी उपसून टाकणारे प्रचंड पंप बसवले. ते १९८७मध्ये चालू झाले, आणि दोन वर्षांत बंद करावे लागले. पाणी आपणहून उतरलं होतं. जास्तीचं पाणी फेकायला एवढा खर्च केलेल्या राज्यावर पस्तीस वर्षांत एकेका फुटासाठी आकाशाकडे बघायची पाळी आली. नाटकात असं लिहिलं तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हणू.

रंगाबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९५९मध्ये रेल्वेसाठी दगडमातीचा भराव घालून सरोवर मधोमध अडवलं गेलं. नद्या सगळ्या भरावाच्या दक्षिणेच्या भागात येऊन मिळतात, त्यामुळे उत्तरेला गोडं पाणी फार कमी पोचतं; तिकडचं पाणी इतकं खारट झालं की ते गुलाबी दिसतं. हा रंग मिठावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. आपल्या लोणारचं पाणी जून २०२०मध्ये गुलाबी झालं होतं, तेही याच जातीच्या जिवांमुळे. उत्तरेच्या काठावर रॉबर्ट स्मिथसन या शिल्पकारानं १९७०मध्ये काळ्या दगडांचं एक मोठं वेटोळं बांधलं, ‘स्पायरल जेटी’. ते लवकरच बुडालं आणि तीस वर्षांनी, पाणी ओसरल्यावर, मिठानं पांढरं होऊन वर आलं. आता पाणी त्याच्यापासून बरंच दूर असतं.

मग पाणी जातं कुठं? दुष्काळ आणि वाढतं तापमान ही कारणं आहेतच, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं हिशेब मांडला, की १८४७मध्ये गोऱ्या वसाहतकारांनी वस्ती केल्यापासून नद्यांचं पाणी वळवलं गेलं नसतं, तर सरोवर तेव्हाच्या पातळीपेक्षा सुमारे अकरा फूट वर असतं. अकरा फूट! वळवलेल्या पाण्यातला सगळ्यात मोठा वाटा शेतीचा, आणि शेतीत मुख्य पीक गुरांसाठीची लसूणघास. आपल्याकडे उसाबद्दल जो वाद चालतो तोच तिकडे लसूणघासीबद्दल चालतो, आणि तिथंही शेतकऱ्याला खलनायक करून प्रश्न सुटत नाही. कारण कायदाच असा होता, की ज्यानं आपल्या हक्काचं पाणी वापरलं नाही त्याचा हक्क जाऊ शकतो. मग वाचवायचं कुणी? २०२२मध्ये हा कायदा बदलला, आणि शेतकऱ्याला आपलं पाणी सरोवरासाठी भाड्यानं देता येऊ लागलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत क्रेन आणि पंपांपेक्षा हा बदल महत्त्वाचा आहे.

होडीवाल्यांचं नुकसान यात सगळ्यात लहान, हे तेही मानतील. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिकसारखी द्रव्यं आहेत आणि वारा ती शहराकडे नेतो. पाणी फार खारट झालं तर ब्राइन श्रिंप आणि माश्या मरतात, आणि त्यांच्यावर जगणारे लाखो स्थलांतरित पक्षी उपाशी राहतात. या श्रिंपची अंडी जगभरातल्या कोळंबी-हॅचरीत पिल्लांचं पहिलं खाद्य म्हणून जातात. ती गोळा करणाऱ्या होड्या शरदात निघतात, म्हणजे पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा. त्यांना धक्का सोडता आला नाही, तर फटका फक्त युटाला बसत नाही.

२०२२-२३च्या हिवाळ्यात तिथं विक्रमी बर्फ पडलं. जूनपर्यंत दक्षिण भागाची पातळी नीचांकापासून साडेपाच फुटांच्या आसपास चढली आणि क्रेननं बाहेर काढलेल्या होड्या क्रेननंच परत पाण्यात सोडल्या गेल्या. तरीही पाणी सरासरीच्या बरंच खाली होतं, आणि लगेच उन्हाळा लागला. दक्षिण काठावरच्या सॉल्टएअर बंदरात एक पातळीमापक आहे. त्याचा आकडा कुणालाही इंटरनेटवर बघता येतो. जूननंतर तो किती वेगानं उतरतोय यावरून होडीवाले ठरवतात, की यंदा शिडं कधी उतरवायची.