भीतीसकट होडीत

चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे नाशिक जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव. त्र्यंबकचा धुवाधार पाऊस, गंगापूर धरण हे सगळं पश्चिमेला. इकडे उन्हाळा लागला की टँकरकडे डोळे. दत्तू भोकनळचे वडील याच भागात विहिरी खोदायचे. 2011 मध्ये ते गेले आणि घराचा भार दत्तूवर आला. पुढच्या वर्षी तो लष्करात भरती झाला, तो पगारासाठी. पुण्यात प्रशिक्षकांनी त्याला नौकानयनाकडे वळवलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, हे त्यानं स्वतःच सांगितलं आहे. आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव नौकानयनपटू होता तो हाच.

अशा गोष्टी आपण ‘भीतीवर मात’ म्हणून सांगतो आणि मोकळे होतो. पण आधी भीती गेली आणि मग माणूस होडीत बसला, असं सहसा होत नाही. एकट्यानं वल्हवायची शर्यतीची होडी सुमारे आठ मीटर लांब आणि अवघी 14 किलो वजनाची असते. ती इतकी अरुंद असते की माणूस तिच्यात बसत नाही, तिच्यावर बसतो. दोन्ही वल्ही हातात नीट धरलेली असतील तोवरच ती तोल सांभाळते. एक जरी सुटलं तरी उलटते. म्हणून नवशिक्या पाण्यात पडणार हे धरूनच शिकवतात. उलटलेली होडी सरळ कशी करायची, पुन्हा वर कसं चढायचं, हा सुरुवातीचाच धडा. शिवाय बसायचं पाठमोरं. 2000 मीटरच्या शर्यतीत शेवटची रेषा वल्हवणाऱ्याला समोर दिसतच नाही.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती पडायची मुभा. दत्तूला होडी, प्रशिक्षक आणि दर महिन्याचा पगार होता. सरावात पडला तर तो भिजणार होता. घरची चूल बंद पडणार नव्हती. ‘कम्फर्ट झोन सोडा’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना हा फरक दिसत नाही. ज्याचं अपयश घराला परवडणार नाही, त्याची भीती भित्रेपणातून येत नाही, हिशेबातून येते. द्राक्षाच्या एका हंगामाचे पैसे क्लासच्या फीला गेले असतील, तर त्या घरातल्या मुलीला ‘नापास झालीस तरी चालेल’ हे नुसतं तोंडानं सांगून भागत नाही. नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी काय करायचं, पैसे कुठून आणायचे, हे परीक्षेच्या आधीच तिच्यासमोर बसून ठरवावं लागतं. मग तिच्या अंगावरचं ओझं खरोखर उतरतं.

रिओत दत्तू उपांत्यपूर्व फेरीत चौथा आला. पहिले तिघेच पुढे जातात, म्हणजे पदकाची आशा तिथेच संपली. त्यानंतरच्या क्रमवारीच्या शर्यतींकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. त्यांतही तो जिवाच्या आकांतानं वल्हवत राहिला आणि एकूण तेरावा आला. हे तेरावेपण मला फार मोठं वाटतं.

2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो शेवटचा ठरला. अंगात ताप होता. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्टला, तो पुन्हा पाण्यावर होता, या वेळी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत. चौघांनी सुवर्णपदक जिंकलं. एका रात्रीत तब्येत कितीशी सुधारली असेल? पण चौघांच्या होडीत एकाला मागे हटायची सोय नसते आणि बाकी तिघांचा जोरही पाठीशी असतो. एकट्यानं पेलवत नाही ते सोबतीनं पेलवतं, हे आपण कष्टाच्या कामात मानतो; भीतीच्या बाबतीत मात्र प्रत्येकाला एकटं सोडतो.

मार्च 2019 मध्ये पालेमबांगच्या त्या एकेरी शर्यतीतल्या कामगिरीवरून राष्ट्रीय नौकानयन महासंघानं त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी 2020 मध्ये ती उठली, आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आजारी असतानाची शर्यत फसली म्हणून खेळाडूला घरी बसवणं मला अन्यायाचं वाटतं. मधले महिने ऐन उमेदीतले, ऑलिंपिकच्या तयारीचे होते. बंदी मागे घेता आली. ते महिने कुणालाही परत देता आले नाहीत.