केसपेपरचा भाव, ४४ हजार डॉलर
(दवाखान्यातला संगणक : भाग ४)

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या पाहणीचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या विभागांत संगणकीय केसपेपर असलेली रुग्णालयं त्यात भरली जेमतेम दीड टक्का. एखाद्या विभागात का होईना, जुजबी सोय असलेली आणखी साडेसात. बँका आणि विमान कंपन्या कधीच संगणकावर गेल्या होत्या. डॉक्टर मात्र अजून गिचमिड अक्षरात खरडत होते.

तंत्र हाताशी होतं. मागच्या भागात आलेली 'मम्प्स' ही रुग्णनोंदींची संगणकभाषा बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये साठच्या दशकातच जन्मली होती, आणि तिच्यावर उभी राहिलेली 'व्हिस्टा' प्रणाली माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत चांगली रुळली होती. २००५च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या दवाखान्यांतले कागद पाण्यात गेले, तेव्हा माजी सैनिकांच्या नोंदी मात्र परगावच्या डॉक्टरांना उघडून पाहता आल्या. अडलं होतं ते हिशेबापाशी. संगणकाचा खर्च डॉक्टरने सोसायचा आणि त्याच त्या तपासण्या वाचल्याचा फायदा पेशंटला नि विमा कंपनीला! अशा व्यवहारात कोण पडेल?

मग सरकारनेच खिसा सैल सोडला. मंदीतून अर्थव्यवस्था सावरण्याच्या कायद्यावर ओबामांनी १७ फेब्रुवारी २००९ रोजी सही केली, त्यातच 'हायटेक' नावाचं प्रकरण होतं. ज्येष्ठांच्या 'मेडिकेअर' विम्याचे पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरला पाच वर्षांत जास्तीत जास्त ४४,००० डॉलर. गरिबांच्या 'मेडिकेड'मध्ये सहा वर्षांत ६३,७५०. अट एकच, संगणक नुसता मांडून ठेवायचा नाही, त्याचा 'अर्थपूर्ण वापर' करून दाखवायचा. न करणाऱ्यांच्या मेडिकेअरच्या बिलाला २०१५पासून कात्री. आधी खाऊ, मग छडी. २०१५ उजाडेपर्यंत चित्र पार पालटलं होतं, त्या वर्षी ९६ टक्के रुग्णालयांकडे सरकारमान्य प्रणाली होती.

एवढ्या घाईने आलेली वस्तू कशी वागते, याचा दाखला सॅन फ्रान्सिस्कोत मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या नामांकित रुग्णालयात २०१३ साली सोळा वर्षांचा एक मुलगा तपासणीसाठी दाखल झाला. सेप्ट्रा या अँटिबायोटिकची त्याची नेहमीची मात्रा होती एका वेळी एक गोळी. पण वजन भरलं ३८.६ किलो, आणि चाळीस किलोच्या आतल्या पेशंटला औषध वजनानुसार लिहायचं असा नियम. किलोमागे ५ मिलिग्रॅमने हिशेब झाला १९३ मिलिग्रॅम. गोळी मिळते १६० मिलिग्रॅमची. तेव्हा फार्मासिस्टने निरोप धाडला, '१६० करून द्या.' डॉक्टरबाईंनी १६० टाइप केलं. शेजारच्या चौकटीत एकक तसंच राहिलं होतं : मिलिग्रॅम दर किलोमागे.

संगणकाने निमूट गुणाकार केला. उत्तर आलं साडेअडतीस गोळ्या.

धोक्याच्या सूचना स्क्रीनवर झळकल्या होत्या, डॉक्टरपुढेही आणि फार्मासिस्टपुढेही. पण अशा सूचना दिवसभर इतक्या उगवतात की त्या बंद करण्याची बोटांना सवयच लागते. यंत्रमानवाने पाकिटं भरली. रात्रपाळीची नर्स चरकली. तिने बारकोड तपासला, तर स्क्रीनने सांगितलं, मात्रा बरोबर. मुलाने सगळ्या गोळ्या गिळल्या आणि काही तासांत त्याला आकडीचा झटका आला. तो वाचला. त्याच रुग्णालयातले डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या पुस्तकात ही हकिकत काही न लपवता मांडली, हा त्या संस्थेचा मोठेपणाच.

कागदाच्या काळात एवढ्या गोळ्या मोजणारा माणूस मध्येच थांबला असता. संगणकावर मात्र प्रत्येकाने आपल्याआधीच्या टप्प्यावर विश्वास टाकला. दुसरीकडे डॉक्टरांचा वेळही स्क्रीन खाऊ लागली. पेशंटसमोरच्या दर तासामागे जवळपास दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जातात, असं २०१६च्या एका अभ्यासात दिसलं. डॉक्टरांच्या शेजारी बसून टाइप करणारे लेखनिक नेमण्याची वेळ आली! आणि एवढं करून या रुग्णालयाची फाइल त्या रुग्णालयात उघडेना. फॅक्स यंत्रं घरघरतच राहिली. माहिती अडवून धरण्याविरुद्धचा कायदा २०१६च्या डिसेंबरात झाला, त्याचे नियम लागू व्हायला एप्रिल २०२१ उजाडलं.

भारताने गंगा उलटी वाहवली आहे. इथे आधी जोडणी आणि मग नोंदी. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि 'आभा' हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक आला. वेगवेगळ्या प्रणालींना एकमेकींचं कळावं म्हणून लागणाऱ्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. अमेरिकेची ठेच पाहून आपण शहाणे झालो, असं इथवर म्हणता येईल. पैशाच्या बाबतीत मात्र हात आखडता. जानेवारी २०२३मध्ये सुरू झालेल्या प्रोत्साहन योजनेत ठरावीक संख्येच्या वरच्या प्रत्येक नोंदीमागे रुग्णालयासाठी ठरले वीस रुपये. संध्याकाळच्या ओपीडीत पेशंटमागून पेशंट तपासणारा, चिठ्ठीवर औषध लिहून देणारा गल्लीतला डॉक्टर एवढ्यासाठी कीबोर्डकडे वळणं कठीण.

तोवर आभा क्रमांक काढला, तरी दवाखाना जोडलेला नसेल तर त्याचं ॲप रिकामंच राहणार. कागदावरचा हक्क मात्र आजही शाबूत आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं आणि मागितल्यास ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पुढच्या वेळी घरातलं कुणी दाखल झालं, तर नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. लेखी अर्ज द्या आणि पूर्ण केसपेपरची प्रत मागून घ्या.