गोळी अडते कुठे?

न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेलो आणि म्हातारपणी बंदूक दुरुस्त करायची पाळी आली! घाबरू नका, बंदूक रंगाची. ‘पेंटबॉल’ हा तिकडच्या पोराथोरांचा आवडता खेळ. १९८१ साली न्यू हॅम्पशायरच्या रानात बारा जणांनी तो प्रथम मांडला, तोही झाडांवर नि गुरांवर खुणा करायच्या बंदुका घेऊन.

गोळी म्हणजे जिलेटिनच्या कवचात भरलेला रंग. जाडी सुमारे १७ मिलिमीटर. बंदुकीवरच्या डब्याला ‘लोडर’ म्हणतात. साध्या डब्यात दोनशेच्या आसपास गोळ्या मावतात आणि आपल्या वजनाने खाली उतरतात.

“आजोबा, डबा निम्मा भरलाय, तरी नुसती हवाच सुटते!” नातू कुरकुरला.

मला आमच्या पेठेतली पिठाची गिरणी आठवली. वर दाणे अडले की गिरणीवाला बाजूला थाप मारी. इथेही तेच! तोंडाशी गोळ्या खांद्याला खांदा लावून कमान धरतात. चारदोन बारांनंतर डबा हलवला की कमान मोडते. बॅटरीवर आतला पंखा फिरणारे डबेही असतात. ते अडले की आधी बॅटरी पाहावी.

आमचे दुखणे मात्र आणखी खोल होते. गोळ्या वर्तमानपत्रावर ओतल्या. काही फुगलेल्या, काही चेपलेल्या. उघडी पिशवी दमट तळघरात राहिली होती. पापड सादळावा तशा गोळ्या सादळल्या होत्या. डब्याच्या तोंडाशी फुटक्या गोळीचा चिकट रंग होता. कोमट पाण्याच्या फडक्याने तो पुसला आणि सारे कोरडे केले. ओल राहिली तर नव्या गोळ्याही बिघडतात.

रविवारी मैदानावर गोळी पुन्हा अडली. आत डोकवावे म्हणून नातवाने तोंडावरच्या मुखवट्याला हात घातला मात्र, जाळीबाहेरून मी ओरडलो, “हात खाली!” सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेगाने येणारी गोळी डोळा कायमचा घेऊन जाते. गोळी अडली तर हात वर करून बाहेर यावे, नळीच्या तोंडाला पिशवी चढवावी, मैदानाबाहेर पडल्यावरच मुखवटा काढावा आणि मग डबा पाहावा.

मित्रांदेखत ओरडलो म्हणून स्वारी गाडीत गप्प. मलाही चुटपुट लागली.

रात्री पाहतो तो वर्तमानपत्र पसरून गोळ्या निवडणे चालले होते. मान वर न करता त्याने विचारले,

“आजोबा, ही फुगलेली ना?”

मी चष्मा लावला आणि शेजारी बसलो.