गृहस्थाच्या चार संपदा आणि लहान व्यवसायाची वाढ

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात दीघजाणु या कोलिय गृहस्थाचा प्रसंग आला आहे. कक्करपत्त या कोलियांच्या बाजारगावी तथागतांचा मुक्काम असताना तो त्यांच्याकडे आला आणि त्याने कोणताही आडपडदा न ठेवता आपली अडचण मांडली. आपण मुलाबाळांत राहणारे, चंदन-फुले वापरणारे, सोन्या-रुप्याचा व्यवहार करणारे गृहस्थ आहोत. आपल्या इहलोकीच्या आणि परलोकीच्या हिताचे काही सांगावे, अशी त्याची विनंती होती. तथागतांनी त्याला घरदार सोडण्यास सांगितले नाही. प्रथम इहलोकीच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता, आरक्खसंपदा म्हणजे मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत आणि समजीविता म्हणजे जमेच्या मानाने खर्च, या त्या चार गोष्टी होत. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांचा उपदेश त्यानंतर येतो. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील आपल्या समाजाच्या दृष्टीने या उपदेशाला आज विशेष महत्त्व आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या पिढ्यांनी शिक्षण आणि नोकरी यांच्या बळावर घरे उभी केली. नोकरीची ती वाट आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. पुष्कळ तरुण आणि त्याहून अधिक स्त्रिया शिवणकाम, चटण्या-पापड, भाजीविक्री, दुचाकी दुरुस्ती, मंडप, फॅब्रिकेशन अशा लहान व्यवसायांत उतरल्या आहेत. परंतु दुकानदारीचा वारसा घरात नसल्यामुळे उधारी, व्याज, साठा आणि हिशेब यांचे धडे त्यांना नुकसान सोसूनच शिकावे लागतात. हे धडे आपल्या वाङ्मयात आधीच आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उट्ठानसंपदा : कौशल्य आणि विचार

उट्ठानसंपदा म्हणजे केवळ कष्ट नव्हेत. शेती, व्यापार, पशुपालन, राजसेवा किंवा एखादी कला यांपैकी कोणत्याही मार्गाने उपजीविका करणाऱ्याने त्या कामात दक्ष असावे, आळस करू नये आणि उपाय शोधण्याची चौकस बुद्धी ठेवावी, असा तिचा आशय आहे. कष्टाळू माणसे आपल्याकडे उदंड आहेत. कमी पडते ती ही चौकसबुद्धी.

सांगली जिल्ह्यातीलच उदाहरण पाहावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास धजेनात. नांगर पडून राहिले. प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखविणे आणि शेतकऱ्यांची मने वळविणे, हे काम त्यांना नांगर घडविण्याइतकेच चिकाटीने करावे लागले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माल चांगला असणे आणि तो खपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातील बोध.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात दुकानदारावरच दोन सुत्ते आहेत. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी कामावर नीट लक्ष न देणारा दुकानदार नवे धन मिळवू शकत नाही आणि असलेले वाढवू शकत नाही, असे पहिल्या सुत्ताचे सांगणे आहे. दुसऱ्यात यशस्वी दुकानदाराची तीन लक्षणे येतात. तो चक्खुमा असतो. अमुक माल अमुक किमतीला घेतला, अमुक किमतीला विकला, तर मूळ रक्कम किती येईल आणि नफा किती राहील, हे तो जाणतो. तो विधुर, म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल असतो. तिसरे, तो निस्सयसंपन्न असतो. ऐपतदार गृहस्थ त्याला ओळखतात आणि हा कुटुंब सांभाळून आपले पैसे वेळोवेळी परत करील, या विश्वासाने त्याला भांडवल देतात. आजच्या भाषेत पहिले लक्षण म्हणजे वस्तूची पडत काढता येणे आणि तिसरे म्हणजे बाजारातील पत होय.

पडत काढताना आपल्या स्त्रिया हमखास एक चूक करतात. डाळ, तेल, मसाला, पिशवी यांचा खर्च धरतात. गॅस, दळण, एस.टी.चे भाडे आणि स्वतःची मजुरी धरीत नाहीत. त्यामुळे पापड खपतात, पण पैसा दिसत नाही. ज्या वस्तूच्या किमतीतून आपली मजुरी निघत नाही, तिची विक्री वाढविणे म्हणजे तोटा वाढविणे होय.

समजीविता : तराजूची दांडी

समजीविता समजावून सांगताना तथागतांनी तराजू धरणाऱ्याची उपमा दिली आहे. दांडी किती खाली गेली किंवा किती वर आली, हे जसे त्याला कळते, तसे गृहस्थाला आपल्या जमाखर्चाचे कळावे. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात याची विभागणीही आहे : मिळकतीचे चार भाग करावेत, एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखून ठेवावा.

हातावर पोट असलेल्या घरी मिळकतीचा एकच चतुर्थांश खर्चून भागणार नाही, हे उघड आहे. म्हणून आधी स्वतःची मजुरी निश्चित करावी आणि तिच्यावर उरलेल्या रकमेला हे प्रमाण लावावे, असे आम्ही सुचवितो. समजा, कराडमधील एका शिवणकाम करणाऱ्या भगिनीची महिन्याची विक्री ६०,००० रुपये आहे. कापड-साहित्याला ३९,००० आणि भाडे, वीज, प्रवास यांना ६,००० गेले. उरलेल्या १५,००० मधून तिने ९,००० रुपये आपली मजुरी म्हणून घरात दिले. शिल्लक ६,००० पैकी ३,००० व्यवसायात, १,५०० राखीव आणि १,५०० मुलांचे शिक्षण, दान व आनंद यांसाठी ठेवले, तर वर्षाअखेरीस तिच्याजवळ ३६,००० रुपयांचे नवे भांडवल आणि १८,००० रुपयांची राखीव रक्कम जमते. दुसरे यंत्र कर्जावाचून येऊ शकते. यासाठी अट एकच : दुकानाचा गल्ला आणि घराचा डबा वेगळा असला पाहिजे.

येथे आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गिऱ्हाइकाच्या हाती पैसा वर्षभर सारखा येत नाही. उसाचे बिल कारखान्याकडून जमा झाले की उधारी वसूल होते. तासगाव भागात द्राक्ष-बेदाण्याचा हंगाम आणि सांगलीच्या पेठेत हळदीची आवक बाजाराचा वेग ठरविते. म्हणून साठा भरताना आणि उधार देताना हंगामाची दिनदर्शिका समोर असावी. उधारीची वही आठवड्यातून एकदा उघडावी. हरवलेले शोधणे आणि मोडलेले दुरुस्त करणे यांवर कुळाची संपत्ती टिकते, असे अंगुत्तर निकायात अन्यत्र सांगितले आहे. बुडू घातलेली उधारी हीही हरवलेली वस्तूच आहे.

आरक्खसंपदा : पाणी, आग आणि व्याज

मिळविलेले धन राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून जपावे, असे दीघजाणूला सांगितले गेले. यातील पाण्याचा अर्थ सांगलीकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठविली जाई. तेथील मातीमुळे ती कीड न लागता टिके. २००५ च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले, हळद नासली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही पद्धत त्या आघातातून सावरली नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी २००५ पेक्षाही वर गेली आणि बाजारपेठेत पाणी आले. साठवणीची उत्तम पद्धतही एका जागी एकवटली की धोक्याची होते. नदीकाठच्या दुकानदाराने मालाचा विमा उतरवावा, पावसाळ्यात साठा कमी ठेवावा आणि हिशेबाची वही वरच्या मजल्यावर ठेवावी.

पुराइतकीच नासाडी व्याज करते. महिना शेकडा पाच हा दर ऐकायला लहान वाटतो; वर्षाला तो साठ टक्के होतो. २०,००० रुपयांवर दरमहा १,००० रुपये व्याज भरणाऱ्याने वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज दिलेले असते आणि मुद्दल तसेच उभे असते. अंगुत्तर निकायातील इण सुत्त दारिद्र्यापासून कर्ज, कर्जापासून व्याज, मग तगादा, पाठलाग आणि बंधन अशी दुःखाची साखळी दाखविते. उलट, अनणसुख म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, हे गृहस्थाच्या चार सुखांपैकी एक मानले आहे. याचा अर्थ कर्ज घेऊच नये असा नाही; दुकानदाराचे तिसरे लक्षण कर्जाचेच आहे. जे कर्ज स्वतःच्या उत्पन्नातून फिटते ते भांडवल. जे लग्नासाठी, बारशासाठी काढून दुकानातून फेडावे लागते ते व्यवसायाचा घात करते.

कल्याणमित्तता : पत कशी निर्माण होते

बाजार हा केवळ पैशाचा व्यवहार नाही, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेले बालवयातील बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची घरातील मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, गाडी मिळाली. पुढे परदेशातील उच्च शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजारविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार कोण हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली. ज्ञान होते, कष्टांची तयारी होती, परंतु निस्सय, म्हणजे आधार देणारा समाज, नव्हता. म्हणून आपल्यासाठी कल्याणमित्तता ही शोभेची गोष्ट नाही, ती भांडवलाचाच भाग आहे.

हा आधार निर्माण करता येतो, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. परवान्यासाठीचा पहिला अर्ज, संस्थापक स्त्रियांपैकी काही निरक्षर असल्याच्या कारणाने, नाकारला गेला होता. त्या स्त्रिया लिहावयास शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि व्याजाचे गणित यंत्रावाचून करून दाखविण्याची तयारी त्यांनी दर्शविली. परवाना मिळाला. दुष्काळी मुलखातील या स्त्रियांजवळ तारण नव्हते. नियमित बचतीने आणि एकमेकींच्या साक्षीने त्यांनी पत निर्माण केली.

आपल्या विहारांतूनही हे होऊ शकते. वर्षावासाच्या काळात आठवड्यातून एक तास हिशेबवाचनासाठी द्यावा. दहा-बारा व्यावसायिकांनी बचत गट करावा, एकमेकांचा माल घ्यावा आणि घाऊक खरेदी एकत्र करावी. उद्यम नोंदणी (२०२० पासून) विनाशुल्क होते. मुद्रा योजनेत (२०१५) ५०,००० रुपयांपर्यंतचे शिशु कर्ज आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळही आहे. बँकेकडे जाताना वर्षभराचे खाते आणि नीट लिहिलेली वही बरोबर असावी. विक्रीचा पैसा खात्यातून फिरला नसेल, तर अर्जातील आकड्यांना आधार राहत नाही.

सम्यक आजीविका : वाढीची मर्यादा

शेवटचा प्रश्न, व्यवसाय कोणता आणि कसा वाढवावा. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे पंचक निपातात सांगितले आहे. आपल्यातील काही कुटुंबे आज नाइलाजाने यांपैकी एखाद्या धंद्यात आहेत. त्यांना हिणवणे हा धम्म नव्हे. पर्यायी धंद्याला भांडवल मिळवून देणे हे बांधवांचे काम आहे. विषाच्या बाबतीत मात्र डोळसपणा हवा. हळदीचा रंग खुलावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव हजारो हातांनी कमावलेले आहे. एका दुकानाच्या भेसळीने ते सर्वांचेच जाते.

जातककथेतील चुल्लसेट्ठीच्या शिष्याने मेलेल्या उंदरापासून आरंभ करून संपत्ती मिळविली. त्याच्याजवळ धन नव्हते. त्याने तहानलेल्या माळ्यांना गूळपाणी दिले, वादळात पडलेल्या फांद्या वेचल्या, कोणाला केव्हा काय हवे हे पाहिले आणि धनवान झाल्यावर, ज्याचे बोलणे ऐकून आरंभ केला, त्या श्रेष्ठीकडे कृतज्ञतेने गेला. ज्यांनी आज दुकान थाटले आहे, त्यांनी उद्यापासून दोनच कामे करावीत : गल्ला आणि घराचा डबा वेगळा करावा आणि रोजचा व्यवहार रोज लिहावा. ज्यांचे दुकान चालते आहे, त्यांनी नव्याने आरंभ करणाऱ्या एकाला आपली वही उघडून दाखवावी. दीघजाणूने जे विचारले, ते आपल्या विहारात कोणीतरी रोज मनातल्या मनात विचारीत असतो. त्याला ते मोठ्याने विचारता यावे, एवढी जागा आपण ठेवली पाहिजे.