खेळातून निघालेल्या कादंबऱ्या आणि त्यांचे वाचक



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ऊसतोडणीचा दर, मुकादमाची उचल, हंगामी कामगारांची देणी यांवर बोलणारा माणूस वाङ्मयावर काय बोलणार? आणि वाङ्मय तरी कोणते, तर व्हिडिओ गेमवरून लिहिलेल्या कादंबऱ्या! परंतु हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो मला माझ्या कामातच भेटला.

साखर कारखान्यातील एक हंगामी कामगार आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, ह्याला जरा समजावून सांगा. मोबाइलवरचा खेळ सोडवला, तर आता त्याच खेळाचं पुस्तक धरून बसलाय." मुलगा बारावीचा. हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि मुखपृष्ठावर शिरस्त्राण घातलेला सैनिक. मी विचारले, "कसं आहे रे पुस्तक?" तो म्हणाला, "चांगलंय, पण लढाया वाचायला कंटाळा येतो. त्या मी खेळलोय." मग थोडे थांबून म्हणाला, "खेळात त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. पुस्तकात कळलं, त्याला सहा वर्षांचा असताना घरून पळवून नेलं होतं. आता खेळताना कसंतरी होतं."

मुलाला समजावून सांगण्याचे काम बाजूला राहिले. मीच विचारात पडलो.

प्रथम ही चीज काय आहे ते पाहू. नाटकावरून चित्रपट निघतो, कादंबरीवरून चित्रपट निघतो, हे आपणांस ठाऊक आहे. येथे गाडी उलट चालते. आधी खेळ लोकप्रिय होतो आणि मग त्याच नायकाची, त्याच जगाची कादंबरी लिहवून घेतली जाते. अमेरिकेत 1990 साली निंटेंडोच्या यंत्रावरील खेळांवरून मुलांसाठी 'वर्ल्ड्स ऑफ पॉवर' ही छोट्या पुस्तकांची माला निघाली. तीवर लेखकांची टोपणनावे होती. 1993 साली आलेल्या 'डूम' या खेळावर 1995 पासून कादंबऱ्या निघाल्या. 'रेसिडेंट ईव्हिल' या भयखेळावर एस. डी. पेरी या लेखिकेने 1998 पासून कादंबऱ्या लिहिल्या. त्या मुलाच्या हातातले पुस्तक एरिक नायलंड यांचे 'हेलो : द फॉल ऑफ रीच'. ते 2001 सालच्या ऑक्टोबरात, म्हणजे मूळ खेळ बाजारात येण्याच्या थोडे आधी, प्रसिद्ध झाले. लेखकाने ते सुमारे सात आठवड्यांत लिहून दिले होते.

या पुस्तकांविषयी वाचकांचे म्हणणे काय? स्थूलमानाने तीन प्रकारच्या तक्रारी दिसतात.

पहिली तक्रार, जे पडद्यावर केले तेच पुन्हा कागदावर वाचावे लागते. ही तक्रार रास्त आहे. खेळात दार खेळणारा स्वतः उघडतो, उडी स्वतः मारतो, चुकला तर मरतो आणि पुन्हा उठतो. कर्ता तोच असतो. कादंबरीत त्याचे हात बांधलेले असतात. हात बांधून नुसती त्याच दारांची मोजदाद ऐकवली, तर कोण ऐकेल? कुस्ती खेळून आलेल्या पैलवानाला त्याच कुस्तीचे समालोचन ऐकवण्यासारखे ते आहे.

दुसरी तक्रार याच्या नेमकी उलट आहे. पुस्तक खेळाला सोडून भलतीकडे गेले, असे हे वाचक म्हणतात. 'डूम'मधील नायकाला खेळात नाव नव्हते. कादंबरीकारांनी त्याला नाव दिले, आणि नरकातून आलेले राक्षस वस्तुतः परग्रहावरच्यांनी घडवलेले जीव आहेत, असे ठरवून टाकले. पुष्कळ वाचकांना हे मुळीच रुचले नाही.

तिसरी तक्रार खेळ न खेळलेल्या वाचकाची. त्याला वाटते की आपण लग्नघरी आगंतुक म्हणून आलो आहोत. सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपली ओळख कोणी करून देत नाही.

आता कोणी म्हणेल, ही परदेशातली भानगड आहे, तेलगावला तिचे काय? मी म्हणतो, ही भानगड आपल्या घरची आहे. महाभारतातील द्यूत हा खेळच होता. फासे कसे पडले, सोंगट्या कशा सरकल्या, हे आज कोणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिला तो हरलेला माणूस, भरल्या सभेत ओढून आणलेली द्रौपदी, आणि माना खाली घालून बसलेले वडीलधारे. खेळ पटावर संपला, पण त्याचे मोल कोणी चुकवले, हे कथेने सांगितले. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 साली आली, तेव्हा कर्णाचा शेवट काय होणार हे प्रत्येक वाचकाला आधीच माहीत होते. तरी लोकांनी ती उरापोटाशी धरून वाचली. कारण तीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली हे आपापल्या तोंडाने बोलतात. घटना ठाऊक होत्या, माणसांची मने नव्याने कळली. आणि पुराणातील माणसे घेऊन लिहिले की "मूळ सोडून लिहिले" ही तक्रारही आपल्याकडे निघतेच.

तात्पर्य असे की, वाचकाच्या पहिल्या दोन तक्रारी परस्परविरुद्ध दिसल्या तरी मागणी एकच आहे. मी जे केले ते मला पुन्हा सांगू नका आणि मी जे केले ते खोटेही पाडू नका. मी ते का केले आणि त्याचे पुढे काय झाले, ते सांगा. नायलंड यांच्या पुस्तकाची वाखाणणी झाली ती बहुतांशी याच कारणाने. खेळातला तो अबोल सैनिक लहान मूल असताना पळवून नेलेला होता. आईबापांना कळू नये म्हणून त्याच्या जागी हुबेहूब दिसणारे दुसरे मूल ठेवले होते. बंदुकीचा चाप ओढणाऱ्या पोराला हे खेळाने सांगितले नव्हते, पुस्तकाने सांगितले.

वाचकांच्या मताला किती वजन असते, याचे एक उदाहरण मला आमच्या चळवळीसारखेच वाटते. 'मास इफेक्ट' या खेळावरील पहिल्या तीन कादंबऱ्या ड्र्यू कार्पिशिन यांनी लिहिल्या होत्या. मूळ खेळाचे प्रमुख लेखकही तेच होते. चौथी कादंबरी, 'डिसेप्शन', 2012 सालच्या जानेवारीत दुसऱ्या लेखकाकडून आली. वाचकांना तीत ढीगभर चुका आढळल्या. काळाचा मेळ नाही, पात्रांच्या स्वभावाचा मेळ नाही. आधीच्या पुस्तकात स्वमग्न असलेली एक मुलगी येथे जणू त्या अवस्थेतून मोठी होऊन बाहेर पडली, असे दाखवले होते. वाचकांनी केवळ शिव्याशाप दिले नाहीत. एकत्र बसून त्यांनी चुकांची मुद्देसूद यादी केली. थोड्याच दिवसांत खेळाची कंपनी आणि प्रकाशक या दोघांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू, असे सांगितले.

मी तीस वर्षे निवेदने लिहीत आलो आहे. "आमच्यावर अन्याय होतो" एवढेच लिहिलेले निवेदन साहेबांच्या टेबलावर पडून राहते. तारीखवार, कलमवार लिहिलेले निवेदन वाचावे लागते. त्या वाचकांना हे कोणी शिकवले नव्हते. पुस्तकावरील प्रेमाने शिकवले.

मात्र येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शिव्या बहुधा लेखकाला बसतात. अशा कामात कथा कंपनीच्या मालकीची, मुदत कंपनीची, पात्राने काय बोलावे यावर अंतिम शब्दही कंपनीचाच. लेखक हा अंगावर काम घेतलेला कारागीर असतो. माल बिघडला तर दोष कारागिराचा किती आणि घाईने काम उरकून घेणाऱ्याचा किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. कारखान्यात आम्ही हाच न्याय मागतो, वाङ्मयात तो नाकारू कसा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या बापाला मी काय सांगावे? मी स्वतः सातवीनंतर शाळा पाहिली नाही. आईबाप कोयत्यावर जात, त्यांच्याबरोबर मीही जात असे. फडाशेजारच्या कोपीत चिमणीच्या उजेडात मी वाचायला लागलो तो बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर, आणि त्याही पाने फाटलेल्या. एका शहाण्या माणसाने ते पुस्तक माझ्या हातातून हिसकावून चुलीत घातले. "असला कचरा वाचतोस?" असे म्हणाला. पुढे कित्येक महिने मी काहीच वाचले नाही. दुसऱ्या एका गृहस्थाने, गावच्या वाचनालयातल्या, वेगळे केले. "हे आवडलं ना? मग हेही बघ," म्हणून त्यांनी अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' माझ्यापुढे ठेवली. आज मी आपणांपुढे उभा आहे तो त्या दुसऱ्या माणसामुळे.

म्हणून त्या बापाला मी सांगितले, पुस्तक काढून घेऊ नकोस. मुलगा वाचता वाचता चांगले काय आणि कंटाळवाणे काय, हे निवडतो आहे. खेळातल्या सैनिकाला आईबाप होते, हे त्याला पुस्तकाने सांगितले आणि त्याचा हात क्षणभर थबकला. याहून वेगळे काम थोरामोठ्यांचे वाङ्मय तरी काय करते? दरसाल दिवाळीच्या सुमाराला शाळेच्या बाकावरून उठून फडाकडे जाणारी मुले आपल्या तालुक्यात आजही आहेत. त्यांच्यापैकी कोणी खेळाच्या आडवाटेने का होईना, पुस्तकापर्यंत पोचला, तर त्याला "कुठून आलास?" असे विचारू नये. त्याच्यापुढे दुसरे पुस्तक ठेवावे.

त्या मुलाला मी 'मृत्युंजय' दिली आहे. तिच्याविषयीही तो तक्रारी घेऊन येईल, अशी मला आशा आहे.