शवविच्छेदनाच्या टेबलावरचं संगीत

पंक आणि मेटल यांच्या संकरातून १९८०च्या दशकात ग्राइंडकोर जन्मलं. वेग अफाट, गाणी तोकडी. नेपाम डेथ या बँडचं १९८७चं ‘यू सफर’ दोन सेकंदही टिकत नाही! या आरडाओरड्यात वैद्यकशास्त्र घुसवलं ते लिव्हरपूलच्या कार्कस या बँडने. १९८८च्या ‘रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर शवविच्छेदनाच्या छायाचित्रांचं कोलाज होतं, गाण्यांत पॅथॉलॉजीची परिभाषा. गाणारे मात्र शाकाहारी. मांस म्हणजे प्रेतच, हा त्यांचा रोख. या घराण्यातलं एक नाव मुंबईतही सापडेल : २००७ साली सुरू झालेला गटस्लिट हा बँड. बाज ब्रूटल डेथ मेटलचा, पण ग्राइंडशी सोयरीक उघड. २०१७चा त्यांचा अल्बम ‘अँप्युथिएटर’.