रबरी बदक व्हा, घरच्यांचं ऐका

रात्रीचे १२ वाजलेत आणि वेब डेव्हलपर असलेली तुमची लेक टेबलावरच्या रबरी बदकाशी बोलतेय? घाबरू नका. हा तिच्या कामाचाच भाग आहे. या पद्धतीला 'रबर डक डिबगिंग' म्हणतात.

१९९९ मध्ये आलेल्या अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या पुस्तकामुळे हे बदक प्रसिद्ध झालं. युक्ती अगदी सोपी आहे. प्रोग्राम अडला की कोडची एकेक ओळ बदकाला मोठ्याने समजावून सांगायची.

स्वतःच लिहिलेलं वाचताना आपण जे लिहायचं होतं तेच वाचतो, त्यामुळे चूक नजरेतून सुटते. दुसऱ्याला समजावताना मात्र प्रत्येक पायरी सांगावी लागते. मग मध्येच 'अरे, इथे कंस राहिलाय!' असं लक्षात येतं. बदक तोपर्यंत एक शब्दही बोललेलं नसतं. अनेक डेव्हलपर ब्लॉग लिहितात, त्याचाही हाच फायदा होतो. दुसऱ्यासाठी सोपं करून लिहिताना आपल्यालाच विषय नीट कळतो.

आपण घरी नेमकं उलट करतो. कुणी अडचण सांगायला लागलं की वाक्य पूर्ण होण्याआधीच सल्ला देतो. पुढच्या वेळी फक्त एवढंच म्हणा, 'पहिल्यापासून सांग.' मग शांतपणे ऐका. कोडिंग येत नसलं तरी बिघडत नाही, बदकालाही ते येत नाही!